उंबऱ्याबाहेरचा प्रश्न

लहानपणापासून मला नसत्या चौकशा करायची खोड. "हिला गप्प बसवायचं औषध कुणी काढील तर बरं," असं आई येता-जाता म्हणायची. सत्तरच्या दशकात, मी कॉलेजात असताना, त्याच खोडीला आमच्या घरात काम मिळालं.

आम्ही भांडुपला बैठ्या चाळीत राहायचो. आईवडील, मी, धाकटे काका आणि काकी. काका विक्रोळीच्या कारखान्यात पाळीवर जात. काकी एरवी हसरी बाई, पण त्या वर्षी ती हळूहळू मिटत गेली. वेणी घालेना, जेवेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती काकांना म्हणाली, "मला जगावंसं वाटत नाही हो." आवाज इतका साधा, की चहात साखर कमी पडल्याचंच सांगतेय असं वाटावं. काकांच्या बशीतला चहा सांडला.

आमचे नेहमीचे डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी चिठ्ठी देऊन शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात, मनाच्या आजारांच्या विभागात पाठवलं. काकांबरोबर आई गेली आणि आईबरोबर मी. तिथल्या डॉक्टरीणबाई काकीशी एकटीशी बराच वेळ बोलल्या आणि मग आम्हाला आत बोलावलं.

"गोळ्या देतेय. लगेच गुण येणार नाही, काही आठवडे लागतील. तोंड कोरडं पडेल, झोप येईल, घाबरू नका. गोळ्यांची डबी मोठ्या जाऊबाईंनी आपल्याजवळ ठेवायची आणि रोजची गोळी हातावर द्यायची."

मला राहवेना. "गोळीला कसं कळतं हो, नेमका कुठला विचार पुसायचा ते?"

आईने मला चिमटा काढला. बाई मात्र हसल्या. "ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पुष्कळांना बरं वाटतं, एवढं पाहिलंय."

डॉक्टरला एखादी गोष्ट माहीत नाही आणि ती तसं तोंडावर सांगते, याचं मला भलतंच नवल वाटलं. त्या बाई मला तिथेच आवडून गेल्या.

आईला वेगळीच काळजी. "पथ्य काय?"

"काही नाही."

आईचा चेहरा पडला. पथ्य नसलेल्या औषधावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नव्हता. "आंबट? वांगं? मासे तरी बंद करायचे असतील ना?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पथ्य आहे, पण ते तुम्हाला. तिला एकटं ठेवायचं नाही. आणि रोज विचारायचं, आज मरावंसं वाटतंय का? आडून-आडून नाही, याच शब्दांत."

"अगो बाई! घरात असलं अभद्र बोलायचं? वास्तू तथास्तु म्हणत असते!"

"विचारल्याने विचार येत नाही हो. तो आलेलाच आहे. विचारलं की तिला बोलता येतं."

पथ्य मोडणं आईच्या स्वभावात नव्हतं आणि वास्तूला दुखवणंही नव्हतं. शेवटी तिनेच तोड काढली. प्रश्न विचारायचा, पण उंबऱ्याबाहेर. आणि विचारणार मी, कारण माझं तोंड नाहीतरी आवरत नाही.

मग रोज संध्याकाळी मी काकीला अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली न्यायची. ती कोरड्या तोंडात खडीसाखर घोळवत बसायची. "काकी, आज मरावंसं वाटतंय का गं?" पहिल्यांदा माझी जीभ अडखळली होती. ती म्हणायची, "हो." कधी म्हणायची, "सकाळी वाटलं, आता कमी आहे." मग मी पुढचं विचारायची. तो विचार कसा येतो, शब्दांत येतो की नुसता जडपणा असतो? तिला उत्तरं शोधावी लागायची आणि शोधताना ती थोडी जागी व्हायची. मला तर ती नव्यानेच भेटत होती.

गणपती आले तोवर काकी उठू-फिरू लागली होती. तिने उकड काढली, मोदक वळले. आई हरखून गेली. "लागू पडलं गो औषध! आता बाप्पा घरात आहेत, तो विषय नको. अंगणातसुद्धा नको." प्रश्न बंद झाला.

विसर्जनानंतर काकीने मला आपली नवी कोरी साडी आणून दिली. "तुला शोभेल. मला काय करायचीय?" काकीचा जीव होता त्या साडीवर. मला ते खटकलं आणि उंबऱ्याची आठवणही न राहता मी तिथेच, देवघरासमोर, विचारून बसले.

"हो," ती म्हणाली. "आधीपेक्षा जास्त." मग माझ्याकडे न बघता, "तू विचारायची थांबलीस ना. मला वाटलं, कंटाळलात सगळे."

मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही, तशीच आईला हाक मारली. त्याच दुपारी आम्ही इस्पितळात होतो. बाईंनी तिला काही दिवस ठेवून घेतलं, गोळी वाढवली. "हातपाय आधी बरे होतात, मन मागून येतं," त्या म्हणाल्या. "हेच दिवस जपायचे असतात." आई खाली मान घालून ऐकत होती.

काकी घरी आली त्या संध्याकाळी मी तिला बदामाकडे न्यायला निघाले, तर आईने अडवलं. चुलीपुढे भाकरी थापता-थापताच तिने मोठ्याने विचारलं, "काय गो, आज मरावंसं वाटतंय?"

काकी चमकली. "ताई, वास्तू ऐकतेय."

"ऐकू दे. तू बोल."

तव्यावरची भाकरी करपू लागली, तरी आई जागची हलली नाही.

"आज नाही वाटत," काकी म्हणाली.

"तथास्तु," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.