जाडातली जाड

दिवाळीच्या तोंडावर आमची आष्ट्याची गिरणी अडली. झाकण जागेवर धरणारी डॉवेल पिन झिजली होती आणि भाजणीचे डबे दारात तुंबले होते. गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं असतं. मी तेव्हा जेमतेम साठीची, म्हणजे अल्लडच. झाकण पिशवीत घालून सांगलीला सुट्या भागांच्या दुकानात गेले आणि ऐटीत म्हणाले, "जाडातली जाड द्या. हातोड्यानं ठोकते."

काउंटरवरच्या बाई हसल्या. "आवं मावशी, ठोकली तर भोक फाटंल, सैल घातली तर झाकण हलंल." पदराला पुसून त्या एकेक पिन भोकात घालत आणि मान हलवून बाजूला सारत. शेवटी एक अंगठ्यानं अर्धी शिरली आणि हलक्या ठोक्यानं पुरती बसली. "ही बगा."

त्याच संध्याकाळी गिरणी फिरली. त्या भाजणीच्या चकल्या घेऊन मी आभार मानायला गेले. बाईंनी डबा उघडला, वरच्या चार-पाच चकल्या बाजूला सारल्या, एक उचलली आणि म्हणाल्या, "ही बगा."