शाफ्टच्या चार जागा

चाकणच्या गॅरेजमध्ये मी ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा पहिले दोन महिने माझ्या तोंडून ‘हो’ आणि ‘चालेल’ यापलीकडे फारसं काही बाहेर पडलं नाही. शाळा इंग्रजी, डिप्लोमाही इंग्रजीतून. मिस्त्रींनी ‘एकोणीसचा पाना दे’ म्हटलं की मी आधी मनात त्याचं इंग्रजी करायचे आणि मग पाना शोधायचे. तोवर ते स्वतःच उठून पाना घेऊन आलेले असायचे.

मिस्त्री लातूरकडचे. थट्टा करायचे, पण शिकवायचे मनापासून. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत कशी पोचते ते मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. कळलं मात्र त्यांच्याकडून.

“इंजिन पुढं, फिरवायची चाकं मागं. मग मधी हा लांब शाफ्ट. खड्ड्यात गाडी उडाली की मागची बाजू खालीवर होती. शाफ्टाला वाकता आलं पाहिजे का नाही? म्हणून दोन्ही टोकाला हे क्रॉस. आपलं मनगट कसं, तसं.”

मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचं त्यांनी आणखी सोपं केलं. “लेझीमची रांग वळताना बघितलीस का? आतला जागेवर पाय आपटतो, बाहेरचा पळतो. दोघांना सारखंच पळवलं तर रांग मोडंल.”

खंडेनवमीच्या सकाळी जवळच्या गावातल्या एका काकांची जुनी जीप आली. मागचा क्रॉस झिजला होता. क्लच सोडला की खालून टक्कन आवाज यायचा. मिस्त्रींनी ते काम मला एकटीला दिलं. दसऱ्याच्या सकाळी काका मंचरहून लेकीला आणि दीड महिन्याच्या नातवाला आणायला जाणार होते.

“गाडी हादरली न्हाई पायजे, पोरी. बाळ हाय संगं,” काका मला म्हणाले.

मी मान हलवली.

शाफ्टचं मागचं टोक डिफरन्शियलच्या तोंडावरच्या तबकडीवर चार बोल्टांनी बसतं. म्हणजे शाफ्ट चार तऱ्हांनी बसू शकतो, पण आधी जसा होता तसाच परत बसवायचा; नाहीतर वेगात गाडी थरथरू शकते. म्हणून काढण्याआधी दोन्हीकडे खूण करतात. मिस्त्री पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, ठेवून हातोडीने ठोकतात; तो ठिपका पुसला जात नाही. दुसऱ्याच्या गाडीवर हातोडी चालवायचं माझ्या जिवावर आलं. मी खडूने रेघ ओढली.

नवा क्रॉस छान बसला. त्याच्या टोप्यांमधले सुयांएवढे बारीक रोलर ग्रीसमध्ये एकेक रचले, एकही आडवा पडला नाही. तेवढ्यात पूजेची साफसफाई सुरू झाली. आमच्याकडे पाच वाजता हत्यारांची पूजा होते आणि एकदा हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवसापर्यंत पान्याला कुणी हात लावत नाही. मी माझे पाने डिझेलने लख्ख केले, जॅक पुसला, शाफ्ट धुतला. उत्साह इतका, की गाडीखाली सरकून तबकडीही चकचकीत केली.

पहिला बोल्ट हातात घेतला तेव्हा कळलं. रेघ कुठेच नव्हती.

साडेतीन वाजले होते. गप्प बसून कसाही लावला असता तरी चारात एकदा बरोबर आला असता. आणि चुकला असता तर ते हायवेवर कळलं असतं, बाळ मांडीवर असताना. मी गाडीखाली पडून कबुलीचं वाक्य मराठीत जुळवत राहिले. मग बाहेर आले आणि काकांच्या देखतच म्हणाले, “मिस्त्री, खूण मी पुसली. धुताना.”

“पंचची खूण पुसली? कशानं घासलीस ग?”

“खडूची होती.”

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “शाळेतून आलीस खरी, फळा घेऊनच आलीस!”

मला वाटलं, आता काका ओरडणार. काकांनी फक्त विचारलं, “मंग आता?”

“चार जागा आहेत,” मी म्हणाले. “एकेक लावून बघावी लागेल. चालवून.”

“पाचला पूजा हाय ना तुमची?”

“पूजा थांबंल,” मिस्त्री म्हणाले. “पेढे थांबतेत का, ते पोरांना विचारा.”

चाकणमध्ये साठचा वेग मिळणं हेच एक नवल. म्हणून कंपन्यांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. स्टिअरिंग मिस्त्रींनी माझ्या हातात दिलं. पहिल्या जागी पन्नासच्या पुढे पायाखाली भुंगा घुमायला लागला. परत आलो, बोल्ट काढले, शाफ्ट पाव फेरा फिरवून लावला. दुसऱ्या जागी तर आरसाच नाचायला लागला.

“ही न्हाई,” मागच्या सीटवरून काका म्हणाले. “ह्यात बाळाचं न्हाई, माझंच दूध उलटंल.”

तिसऱ्या फेरीला निघताना सव्वापाच झाले होते. गॅरेजच्या दारात सगळे नवे शर्ट घालून ताटकळत उभे होते. साठ. पासष्ट. फक्त टायरांचा आवाज. मी आरशाकडे पाहिलं, मग डाव्या पायातली चप्पल काढून तळवा गाडीच्या पत्र्यावर टेकवला.

“काय म्हणतीस?” मिस्त्रींनी विचारलं. “का चौथी पण बघायची?”

ते सांगतील म्हणून मी थांबले. ते खिडकीबाहेर बघत बसले.

“हीच,” मी म्हणाले. टायरांच्या आवाजात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मग मोठ्याने म्हणाले, “हीच आहे. चौथी नको.”

“मंग वळीव की गाडी,” काका म्हणाले. “भुका लागल्यात.”