आगीनंतरची साफसफाई

भिंत पांढरीशुभ्र होती. आग लागलेल्या शेडची भिंत, आणि चुना अजून ओला. मी दारातच बॅग खाली ठेवली आणि मनात म्हटलं, संपलं.

मी भिवंडीत एका खासगी तपास ऑफिसात काम करते. कुठे गोदाम जळलं, लूमची शेड जळली, की इन्शुरन्सवाले आमच्या सावंत सरांना कळवतात आणि सर मला पिटाळतात. आग कुठून लागली, कशानं लागली, एवढंच शोधायचं. त्यात चाळिशी उलटल्यावर मला शिकायची हौस आली. एमएससी फॉरेन्सिक सायन्स आणि त्याच्या जोडीला पुराव्याच्या कायद्याचा डिप्लोमा, असा एकत्र कोर्स. आठवडाभर राख तुडवायची आणि रविवारी क्लासला बसून पेंगायचं. सासूबाई म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. उलट बोलायचंही त्राण नसतं माझ्यात.

तर शेड होती इक्बालशेठची. वाडवडिलांपासून लूमचा धंदा, माणूस वाईट नाही. पण त्यांचं आधीच ठरलं होतं. रामसूरत नावाच्या कारागिरानं बिडीचं थोटूक सुताच्या ढिगात टाकलं आणि आग लागली. आमचा रिपोर्ट हातात आला की ते पोलिसांत तक्रार देणार होते. रामसूरत तिथेच उभा होता, काळजीनं पार उतरलेला.

"मैडम, बिडी मैं बाहर जाके पीता हूँ," तो म्हणाला. "आग बोर्ड से लगी. मैंने देखा है."

बोर्ड म्हणजे भिंतीवरचा लाइटचा बोर्ड. तो खरं बोलतोय का, हे भिंतीनं सांगितलं असतं. आग जिथे सुरू होते तिथून काजळी भिंतीवर चढते, खाली निमुळती आणि वर पसरट. निमुळतं टोक बोर्डापाशी निघालं असतं तर रामसूरत सुटला असता. सुताच्या ढिगापाशी निघालं असतं तर अडकला असता. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण इथे काकणावरच चुना फासला होता.

भिंत कुणी रंगवली, मी विचारलं.

"मैंने," रामसूरत म्हणाला. जरा अभिमानानंच.

काजळी खरवडून काढली होती, फरशी धुतली होती, राख गटारात गेली होती. अर्ध्या शेडचे लूम वाचले होते ना, ते चालू व्हायला हवे होते. कारागिराला मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते, लूम बंद तर चूल बंद. शेठनं सांगितलंसुद्धा नव्हतं. शेठ खूश होतील, मनातला राग जाईल, असं वाटून यानं सगळ्यांच्या पुढे होऊन हाती झाडू घेतला. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! आणि रागाच्या दुप्पट वाईट वाटलं.

जळलेली वायर तरी कुठे आहे, म्हटलं. तीही त्यानं नीट कापून गोणीत भरली होती, भंगारवाल्यासाठी. गोणी अजून गेली नव्हती. ती ओतून मी जमिनीवर बसले आणि एकेक तुकडा बघू लागले. एका तारेच्या टोकाला तांब्याचा गोल मणी सापडला. शॉर्टसर्किटमध्ये तार वितळून असा मणी होतो. मी सरांना फोन लावला.

"मग लिहा शॉर्टसर्किट," सर म्हणाले. "सुटला बिचारा."

"सर, गोणीत अख्ख्या शेडची वायर आहे. हा तुकडा बोर्डाचाच, हे मी कशावरून सांगू? आणि आग दुसरीकडून आली तरी चालू वायरला असा मणी येतोच."

"मॅडम, तुमचा कोर्स तुम्हाला नडतोय."

नडतच होता. मणी ओळखायला अर्ध्या कोर्सनं शिकवलं. उरलेला अर्धा विचारत होता, कुठून उचलला, कुणी उचलला, कुणाच्या ताब्यात होता? उत्तर एकच, आरोप असलेल्या माणसाच्या. माझा रामसूरतवर विश्वास होता. पण विश्वासाला रिपोर्टात जागा नसते.

'आगीचं कारण निश्चित करता येत नाही,' असं मी लिहिलं. इक्बालशेठ वैतागले. पण बिडीलाही पुरावा नव्हता, त्यामुळे तक्रार बारगळली. रामसूरतला मात्र त्यांनी कामावरून काढलं. म्हणाले, "मॅडम, मनात शक बसला तो बसला. परत सुतात कसा उभा करू त्याला?"

निघताना रामसूरतनं मला गाठलं. त्याची चूक नाही असं लिहिलंय ना, एवढंच त्याला हवं होतं. लिहिता आलं नाही, मी सांगितलं. तुला सोडवणारी खूण त्या भिंतीवर होती, ती तूच पुसलीस.

"मैंने तो अच्छा समझ के किया था," तो म्हणाला.

हीच केस मी कोर्सच्या प्रोजेक्टला दिली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. हातात मणी असून घाईनं निष्कर्ष काढला नाही, शाब्बास. मार्क उत्तम पडले, सासूबाईंनी पेढे आणले. मला ते गोड लागले नाहीत. रामसूरत आता भिवंडीजवळच्या पूर्णा गावात एका गोदामात माल चढवतो. दिसला की नमस्कार करतो, त्यानं तर मला जास्तच लाजल्यासारखं होतं.

हल्ली आगीचा फोन आला की मी पत्तासुद्धा नंतर विचारते. आधी सांगते, झाडू उचलू नका, कशाला हात लावू नका. पलीकडचा माणूस मोठ्या आदरानं म्हणतो, "काळजी करू नका मॅडम, तुम्ही येणार म्हणून सगळं साफ करून ठेवलंय."