ओला खडू

“बादली आण आणि हे सगळं पुसून काढ.”

हेडमास्तर माझ्या आईला म्हणाले. शाळेच्या फाटकाजवळचा मोठा फलक, त्यावरचं अक्षर माझं. मी आठवीत होते. आई त्याच शाळेत झाडलोट करायची, संडास धुवायची.

त्या दिवशी बाहेरून पाहुणे यायचे होते. मगदूम बाई तेव्हा नव्यानंच लागलेल्या, आम्हाला इतिहास शिकवायच्या. फलकाचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी सगळ्या वर्गाच्या वह्या चाळल्या आणि खडू माझ्या हातात दिला. तो पाण्यात भिजवून कसं लिहायचं ते दाखवलं. ओल्या खडूनं लिहिलेलं आधी दिसतच नाही. वाळलं की पांढरंशुभ्र उठून येतं, आणि कोरड्या डस्टरनं जात नाही. मी दोन तास खपून स्वागताच्या चार ओळी लिहिल्या.

हेडमास्तरांना अक्षर आवडलं. कुणाचं म्हणून विचारलं. कुणीतरी माझं नाव सांगितलं. चेहरा बदलला. “पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगू? झाडूवालीच्या पोरीनं लिहिलंय म्हणून?” डस्टर मारून बघितला. गेलं नाही. मग आईला हाक मारली.

आईनं पुसलं. वरच्या ओळीला हात पोचेना, तर टाचा उचलून पुसलं. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मी तिथंच उभी, बोटं खडूनं माखलेली. संध्याकाळी भाकरी थापताना ती म्हणाली, “मला वाचाय येत न्हाय. पर पुसताना जिवावर आलतं बघ.”

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वर्गातला फळा मला देऊन टाकला. दहावीपर्यंत रोजचा वार, तारीख, पट मीच लिहिला. पुढं बी.एड.चा अर्जही त्यांनीच आणला आणि समोर बसवून भरून घेतला. मी त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसू लागले. बाई शेंगदाण्याची चटणी न विचारता माझ्या डब्यात टाकायच्या. फलक आम्ही दोघी मिळून लिहायचो. मी सावकाश लिहिते म्हणून चिडवायच्या, “तुझी एक ओळ हुईस्तोवर माझा पिरेड संपतोय की.”

गेल्या सहामाहीचे पेपर तपासता तपासता त्या एकदम म्हणाल्या, “तुझ्या आईनं फलक पुसला त्या दिवशी मी स्टाफरूमच्या दारात उभी हुते गं. सगळं बघत हुते. नोकरी नवी हुती. गप्प बसले.”

त्या वेळी बाई वर्गावर तास घेत होत्या, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी पेपरांचा गठ्ठा उचलला आणि एका रिकाम्या वर्गात जाऊन बसले. माझा तासही नव्हता. नंतर आम्ही बोललो, हसलो, चटणीही खाल्ली. पण त्या वाक्याला मी उत्तर दिलं नाही. राग आला होता आणि खरं सांगते, तो मी मुद्दाम धरून ठेवला होता. बोलू कधीतरी, बाई कुठं पळून चालल्यात, असं वाटायचं.

एका रविवारी बाई कबनूरला बहिणीकडं गेल्या. सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि खुर्चीतच मान टाकली. दुखणं नाही, खुपणं नाही. संध्याकाळी सगळं आटोपलंसुद्धा. माझं उत्तर माझ्याकडंच राहिलं. ते आता कुणाला देऊ?

सोमवारी शाळेला सुट्टी दिली नाही. मी लवकर गेले. खडू भिजत घातले. फलकावर बाईंचं नाव लिहिलं, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली आणखी एक ओळ. ‘बाई, माझा राग गेला.’ रडत रडत लिहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच माझं अक्षर वाकडं आलं.

दहा वाजता आताचे हेडमास्तर आले. त्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता. दरवर्षी त्या दिवशी फलकावर रंगीत खडूनं शुभेच्छा असतात, भोवती फुलांची नक्षी. ती नक्षी बाई काढायच्या. अकराला अध्यक्ष केक कापायला येणार होते.

“मॅडम, हे पुसा. वाढदिवसाच्या दिवशी साहेबांच्या नजरेला मयताचं नाव नको. श्रद्धांजली उद्या लिहा.”

“सर, बाई कालच गेल्यात.”

“तुमच्या कायम होण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर आहे, विसरू नका. तुम्हाला जमत नसेल तर सफाईच्या मावशींना बादली घेऊन बोलावतो.”

बादली. मला आईच्या उचललेल्या टाचा दिसल्या. दारात उभ्या असलेल्या बाई दिसल्या. नोकरी जाण्याची भीती काय असते ते मला त्या क्षणी कळलं. बाई का गप्प बसल्या, तेही पुरतं कळलं.

मी फलकाला पाठ लावून उभी राहिले.

“मी लिवलंय. मी पुसणार न्हाय. आणि मावशीलाबी पुसू देणार न्हाय.”

शाळेत मी अशी बोलत नाही. त्या दिवशी तोंडात आईची बोली आली.

अध्यक्ष आले. गाडीतून उतरले, फलक वाचला, माझ्याकडं बघितलं आणि आत गेले. केक ऑफिसात कापला. मी फाटक बंद होईपर्यंत तिथनं हलले नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. लेखी माफी मागा, नाहीतर फाईल परत. घरी आईला ती वाचून दाखवली. आई आता थकली आहे. तिनं कागद हातात घेतला. मग म्हणाली, “बाईंचं नाव कुणी पुसलं न्हाय न्हवं?”

“न्हाय.”

“मग लिव काय लिवायचं ते.”

उत्तर मी टाईप केलं नाही. बाईंना आवडायचं त्याच अक्षरात, सावकाश, हातानं लिहिलं. ‘फलक मी लिहिला. माफी मागणार नाही. पुढं कधी पुसायचा झाला तर बादली तुम्ही स्वतः उचला. माझी आई, मावशी, मी, आमच्यातलं कुणी ती उचलणार नाही.’