वरातीतली जीप आणि निळ्या आकड्यांचा डबा

कापसाले भाव नव्हता त्या वर्षांत आमच्या घाटंजीकडच्या लग्नांतून सगळ्यात आधी बँडवाला गळाला. जेवणात हात आखडला तर सोयरे नावं ठेवतात, नवरदेव काही वगळता येत नाही, मग राहिला कोण? बँडवालाच. माझ्या धाकट्या दिरांनी हे बरोबर हेरलं. त्यांच्याकडे जुनी डिझेलची जीप होती. तिच्या मागे दोन मोठे स्पीकर न् अ‍ॅम्प्लिफायर बसवला आणि जाहीर केलं, "आता वरात माह्या जीपमागं नाचन."

पण गाण्यातला ढोल ढम् झाला की जीपचे दिवे मिणमिणत. मी म्हटलं, "भाऊजी, जीप लोकायले डोळे काहून मारून राह्यली?"

झालं, आला राग. गेले गॅरेजवाल्या मिस्त्रीचाचांकडे. बाजार करायचा म्हणून मीही बसले जीपमध्ये. चाचांनी तांब्याएवढा गोल डबा काढला. कॅपॅसिटर. त्यावर बॅटरीची ताकद दाखवणारे निळे आकडे. जोडताना त्यांनी तारेत एक बारका बल्ब अडकवला. तो भक्कन पेटला न् हळूहळू विझला. भाऊजी किंचाळले, "गेला! डबा गेला!"

"गेला नही मियाँ, पेट भरा उसका," चाचा म्हणाले.

मी विचारलं, "म्हणजे ही दुसरी बॅटरीच ना?"

"नही बेटी. टोपल्यात दोन भाकरी असतात ना? कोणी एकदम मागितली तर त्या देतो, तवर तव्यावरची होते. हा टोपला हाय. चूल नाही."

मला पटलं. भाऊजींना नाही. दिवे स्थिर झाल्यावर त्यांचा रुबाब काय सांगू! म्हणे, "वयनी, ह्या डब्यात अख्ख्या वरातीची बिजली मावते." मी भाकरीची आठवण दिली, तर म्हणतात कसे, "तुमाले सारं चुलीवरच समजते."

पहिली वरात जवळच्याच गावची मिळाली, म्हणून मीही सोबत गेले. नवरीच्या काकाच्या दोन मुली त्याच हंगामात उजवायच्या होत्या. त्याला जीप पसंत पडली तर पुढची लग्नं आपली, नाही तर जीप पुन्हा बकऱ्या वाहायला. काका मिशीवर हात ठेवून बघतच होता.

पारापाशी वरात अडली. नाचणारे काही हलेनात. भाऊजींनी डिझेल वाचवायला जीपची मशीन बंद केली. "डबा हाय ना!" गाणं तसंच दणाणत होतं. मी मागे उभी, आकड्यांवर डोळा ठेवून. बारा. अकरा. माणसाचा ताप असा उतरला असता तर मी नारळ फोडला असता. ओरडले, "भाऊजी, मशीन लावा!" पण स्पीकरपुढे माझं कोण ऐकतं!

मग गाणं घोगरं झालं, आचके देऊ लागलं आणि गेलं. एक मामा एक पाय वर करून तसेच राहिले. भाऊजींनी चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. काका म्हणाला, "बँडवाला निदान दम सुटेपर्यंत तरी फुंकते."

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. मी पुढे झाले. "दिवे बंद. अ‍ॅम्प्लिफायर बंद. ढकला!" नाचून थकलेली पोरं इकडेतिकडे बघू लागली. नवरदेव मात्र पुढच्या सीटवर देवासारखा बसलेला.

मी म्हटलं, "उतरा, नवरदेव! आजपासून ढकलतच न्या लागते सारं."

वरात हसली. तो उतरला न् बाशिंग सावरत भिडला. त्याला पाहून सगळेच भिडले. जीपनं ढेकर दिला, काळा धूर थेट नवरदेवाच्या तोंडावर सोडला आणि सुरू झाली. गाणं पुन्हा लागलं तसा काळ्या तोंडाचा नवरदेवच आधी नाचला. अंतरपाट सरकला तेव्हा नवरी अशी हसली, की हारच पडला हातातला.

जेवणं झाल्यावर काका आला. हात हलवत काय काय बोलला. भाऊजी नुसते मान हलवत होते. स्पीकरनं माझे कान असे बसले होते, की मला एक अक्षर समजलं नाही. परतीच्या रस्त्यावर ते ओरडून सांगू लागले, "दोन्ही पोरीचे लग्न आपल्याले देल्ले! पन म्हने, मशीन बंद करायची नाही, न्..."

"न् काय?"

"न् वयनीचं ऐकत जाय!"

"काय म्हटलं?"

पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदाही विचारलं. दुसऱ्यांदाच ऐकू आलं होतं, तरी.