मामीचे दोन बांबू

२०१७च्या डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी, चिखल्याच्या शाळेने माझ्या मामीचा नाच कार्यक्रमातून काढला. हा अन्याय होता, आणि मी त्याला अन्यायच म्हणणार.

समुद्राने चिखल्याला आजवर मामीइतकं हट्टी माणूस दिलेलं नाही. मामा जहाजावर खानसामा होता. त्याने फिलिपिन्सची बायको केली आणि चिकूच्या वाडीत आणली. तिच्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडत नाहीत, त्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात. पहिल्याच दिवशी तिने शेजारच्या काकांचा हात कपाळाला लावला, तर काका घाबरून म्हणाले, “अगो, ताप आलाय काय तुला?” मग महिनाभर ते भेटतील तिथे तब्येत विचारायचे. तीही हात लावायची सोडेना. डिसेंबर लागला की कामट्या आणि रंगीत कागद घेऊन ती चांदणीचा कंदील करते. “दिवाळी संपली ना गो?” असं कोणी विचारलं, तर म्हणते, “तुमची संपली. माझी आता.” कोंबड्यांशी आणि लेकीशी ती तिच्याच भाषेत बोलते. लेक मराठीत उत्तर देते. “कोंबडीला कळते, तुला नाही?” हे मात्र मराठीत, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

भातशेतातला पक्षी फासातून पाय कसा सोडवतो, त्याचा तिच्याकडे नाच आहे. दोन लांब बांबू जमिनीवर समांतर ठेवायचे, दोन्ही टोकांना बसून ते तालावर आपटायचे, आणि नाचणारीने मधून पाय वाचवत उड्या मारायच्या. एका टोकाला मामा, दुसऱ्याला मामी, मध्ये लेक. लेकीने आईचं मुकाट्याने ऐकलेली ही एकच गोष्ट. सहा मैत्रिणीही तयार झाल्या होत्या.

शाळेच्या मुख्य सरांनी ते बांबू पाहिले. “शुभ कार्यात तिरडी मांडता?”

मामी म्हणाली, “सर, तुमच्याकडे बांबूवर माणूस झोपतो. आमच्याकडे नाचतो.”

“तरी नको.”

हे ते ज्या स्टेजवर उभे राहून म्हणाले, ते स्टेज बांबूंवरच उभं होतं! मांडवाला बांबू चालतो, गुढीला चालतो, परक्या बाईच्या आठवणीला तेवढा चालत नाही.

पुढच्या वर्षी मामा गेला. तिरडीसाठी बांबू शोधताना शेजारच्या काकांचा हात नेमका पडवीतल्या त्या दोन बांबूंवर पडला. मामी उठली. “ते नको, काका. ते नाचाचे.” काकांनी हात काढला. परसातल्या बांबूच्या बेटातून दुसरे तोडून आणले. मामीने त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला. या वेळी त्यांनी तापाचं विचारलं नाही. हात तसाच राहू दिला.

ते बांबू अजून पडवीत आहेत. मामी रोज पुसते. लेक यंदा दहावीला, म्हणजे संमेलन शेवटचं. परवा तीच आईला म्हणाली, “आई, नाचू या ना.” सर म्हणतात, “गावाची हरकत नसेल तर बघू.” गाव म्हणजे तुम्ही. मामाचं टोक रिकामं आहे. मी बसले असते, पण मी भाची, घरचीच. तिथे गावातलं माणूस हवं.

या, आणि ते टोक धरा.