न खेळता जिंकलेली दया

दया एलिया उमाप टेनिसकडे वळली ती उंचीमुळे. कर्तबगारीचा त्यात काही संबंध नव्हता, हे ती स्वतःच सांगायची. बेलापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या शाळेत ती पहिलीच्या पोरांना शिकवायची, आणि फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत तिचा हात सहज पोचायचा. कारखान्याच्या गोऱ्या डॉक्टरांच्या मडमेनं हे एकदा खिडकीतून पाहिलं. लढाईमुळे क्लबातल्या निम्म्या बायका विलायतेत अडकलेल्या, मडमेला समोर खेळायला कुणी उरलं नव्हतं. तिनं दयाच्या हातात रॅकेट दिली आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, चेंडू आला की परत पाठवायचा.

दयाला वाटलं, एवढंच ना. पहिले काही महिने तिनं बहुतेक चेंडू शेजारच्या उसात पाठवले. पदर कमरेला खोचून, शाळेतल्या कवायतीचे कॅनव्हासचे बूट घालून ती धावायची, तेव्हा क्लबातली मंडळी खेळ सोडून ती कधी आपटते याची वाट बघत बसायची. तिनं त्यांना फारसं निराश केलं नाही. पण पुढं चेंडू उसात जायचे थांबले, आणि तेवढ्या भांडवलावर मडमेनं पंचेचाळीस सालच्या हिवाळ्यात नगरच्या बायकांच्या स्पर्धेत तिचं नाव घालून टाकलं.

स्पर्धेत सगळ्या मिळून चार बायका. दयाची पहिली गाठ एका कॅप्टनच्या बायकोशी होती, पण नवऱ्याची बदली झाली आणि बाई सामान बांधून निघून गेली. समोरची आली नाही की आलेलीला विजयी धरायचं, असा नियम. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. प्रतिस्पर्धी होती दवाखान्यातली डॉक्टरीण, तिला ऐन वेळी बाळंतपणाला बोलावणं आलं. दया नवं पांढरं पातळ नेसून एकटीच कोर्टावर उभी राहिली. पंचांनी घड्याळ बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि चांदीचा पेला तिच्या हातात दिला. रॅकेटला तिनं गवसणीतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं.

नगरच्या एका साप्ताहिकानं छापलं, ‘एकही गेम न गमावता कु. उमाप अजिंक्य’. यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत.

बेलापूर स्टेशनवर टांगेवाला आसाराम हार आणि ताशा घेऊन हजर होता. तिच्या वडिलांनी, म्हणजे मिशनच्या शाळेतल्या एलियामास्तरांनी, रविवारी ख्रिस्ती देवळात उभं राहून प्रभूचे आभार मानले. घरी येताच दयानं त्यांना खरं सांगितलं.

“बाबा, मी खेळलेच नाही.”

“नम्रता हा मोठा गुण आहे, दया,” मास्तर म्हणाले आणि पेला कोनाड्यात नीट मधोमध ठेवला.

शेजारच्या छबूबाईनं तर उलटतपासणीच घेतली.

“किती जणींला हारवलं गं?”

“एकीलाही नाही, मावशी. त्या आल्याच नाहीत.”

“मंग भ्याल्याच म्हनायच्या तुला,” छबूबाई म्हणाली. “म्या आदीच म्हनलं हुतं, या पोरीचा हात लई जड हाय.”

ही बातमी छबूबाईच्या तोंडून निघाली आणि नगरपर्यंत पोचेतो तिला शिंगं फुटली. पुढच्या वर्षी दयाचं नाव यादीत बघून दोघींनी आपली नावं मागे घेतली. तिसरीला हिवताप आला. दुसरा पेला घरी आला. आता दयाला रस्त्यानं जायचीही चोरी झाली. खरं बोलावं तर लोक विनय म्हणत, गप्प बसावं तर रुबाब म्हणत. तिला स्वतःला मात्र ठाऊक नव्हतं, आपल्याला टेनिस येतं की नाही.

ते कळावं म्हणून सत्तेचाळीस साली ती पुण्याच्या स्पर्धेला गेली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. समोर दोन वेण्या घातलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आली. तिनं पहिला सेट घेतला तेव्हा दयाला घामही आला नव्हता, कारण चेंडू जवळ येऊन निघून गेल्यावरच तिला दिसत होते. दुसऱ्या सेटमध्ये तिला एक गेम मिळाला. त्यातले तीन गुण त्या मुलीच्या चुकलेल्या सर्व्हिसचे. चौथा मात्र दयाचा होता. आडव्या हातानं मारलेला चेंडू रेषेच्या आत पडला आणि मुलगी धावूनही पोचली नाही. परतीच्या गाडीत दया त्या एका फटक्यावर खुळ्यासारखी हसत बसली. समोरच्या बाईनं आपलं मूल उचलून पलीकडं नेलं.

“हारले,” तिनं घरी जाहीर केलं.

“पंचानं फशिवलं आसंल,” छबूबाई म्हणाली.

त्यानंतर मात्र दया खरी खेळायला लागली. मडम विलायतेला गेली होती, म्हणून शाळा सुटल्यावर ती गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारायची. भिंत कधी गैरहजर राहत नाही, हा तिचा मोठा गुण. अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात नगरला तीच डॉक्टरीण अखेर समोर आली. बाई स्थूल, पण चेंडू नेमका दयाच्या मागे टाकायची. तीन सेट चालले. दया दोनदा आपटली, गुडघा फुटला, आणि शेवटचा चेंडू जाळीला लागून पलीकडं पडला तेव्हा ती जिंकली. डॉक्टरिणीनं हात मिळवला आणि तिथंच खाली बसून तिचा गुडघा बांधून दिला.

बेलापूर स्टेशनवर कुणी आलं नव्हतं. दया लंगडत आसारामच्या टांग्यापाशी गेली आणि जिंकल्याचं सांगितलं.

“त्यात नवं काय, ताई,” आसाराम म्हणाला. “तुमी जितताच की.”

महिन्याभरात नगरच्या क्लबाकडून विचारणा आली. बायकांना टेनिस शिकवायला पगारी बाई हवी होती. पण पगार घेणाऱ्यानं स्पर्धेत उतरायचं नाही, असा तेव्हाचा कायदा होता. जिंकता यायला लागलं आणि जिंकण्याची दारं बंद, याचं दयाला हसूच आलं. मास्तरांनी विचारलं, “मग काय ठरवलंस?”

“जाते,” ती म्हणाली. “तिथं समोर रोज कुणीतरी असेल.”

जानेवारीत ती पत्र्याची ट्रंक आणि रॅकेट घेऊन नगरला गेली. पहिल्या दिवशी शिकायला सहा बायका आल्या. दयानं चेंडू टाकला आणि पहिलीनं तो सरळ कुंपणापलीकडं घालवला.

“छान,” दया म्हणाली, आणि चेंडू शोधायला निघाली.